मांजराला हॉलमध्ये जागा द्या

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात अर्धा दिवस घासाघीस करून घेतलेला सोफा टेम्पोतून ठाण्यातल्या बाळकुमला येतो. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने वर चढवावा लागतो आणि त्यावरचं प्लॅस्टिक महिनाभर कोणी काढू देत नाही. ज्या दिवशी ते निघतं, त्याच दिवशी घरातलं मांजर सोफ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी मागच्या पायांवर उभं राहतं, पुढचे दोन्ही पंजे वर कापडात रोवतं, पाठ ताणतं आणि कर्रर्र कर्रर्र सुरू होतं. पंधरवड्यात फोम डोकवायला लागतो. मग ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘मुद्दाम करतंय.’ ‘काल ओरडले ना, त्याचा राग काढतंय.’ ‘अख्खं घर मोकळं पडलंय, पण मेल्याला नेमका सोफाच दिसतो.’

शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. मांजराला सोफाच दिसतो आणि त्याला सबळ कारणं आहेत. रागाचा मात्र इथे काही संबंध नाही.

आधी नखाकडे पाहू. कुत्रा चालतो तेव्हा त्याची नखं फरशीवर टकटक वाजतात आणि झिजतात. मांजर बिनआवाजी चालतं, कारण त्याची नखं एरवी आत ओढलेली असतात. बोटाच्या शेवटच्या हाडाला लवचीक बंध असतात, ते काहीही कष्ट न घेता नख मागे धरून ठेवतात. नख बाहेर काढायचं झालं तर मांजराला स्नायू ओढावा लागतो. त्यामुळे नख जमिनीला घासत नाही आणि बोथटही होत नाही. पण ते आतून सतत वाढत असतं, थरावर थर चढवत. बाहेरचा थर जुना होतो, सैलावतो, आणि तो काढून टाकल्याशिवाय खालचं टोकदार नख मोकळं होत नाही. हा थर काढायची मांजराची रीत अशी: काहीतरी चिवट, धागेदार सापडलं की त्यात नख रुतवायचं आणि खाली ओढायचं. सोफ्याखाली झाडू मारताना कधी अर्धचंद्राच्या आकाराचं, पारदर्शक, आतून पोकळ टरफल मिळतं. नख तुटलं म्हणून माणसं घाबरतात. तुटलेलं काही नसतं, तो टाकून दिलेला जुना थर असतो. मागच्या पायांच्या नखांसाठी मांजराला सोफा लागत नाही, ती नखं ते दातांनी साफ करतं.

एवढंच असतं तर घरात कुठेही एक खरखरीत फळी ठेवून काम भागलं असतं. पण ओरबाडण्याचं दुसरं काम वासाचं आहे. पंज्याच्या गाद्यांच्या मधे ग्रंथी असतात. नखं ओढताना त्यांचा स्राव कापडाला लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, दुसऱ्या मांजराला कळतो, आणि त्या मांजराला स्वतःलाही. उभे ओरखडे लांबून दिसतात, जवळ गेलं की वास येतो. थोडक्यात, ती दारावरची नावाची पाटी आहे, आणि नावाची पाटी कोणी मोरीत लावत नाही.

हा उद्योग घरच्या मांजराने नव्याने काढलेला नाही. बाळकुमहून फार लांब नसलेल्या येऊरच्या जंगलात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला, बिबटे झाडांच्या खोडांवर हेच करतात. वनखात्याची माणसं पाऊलखुणा आणि विष्ठा यांच्याबरोबर खोडावरचे ओरखडेही बिबट्याच्या वावराची खूण म्हणून पाहतात. २० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे त्यातलाच एक बिबट्या ठाण्याच्या कोरम मॉलच्या आवारात सीसीटीव्हीत दिसला होता आणि पुढे जवळच्या एका हॉटेलातून त्याला पकडावं लागलं होतं, ते ठाणेकर विसरलेले नाहीत. बिबट्याही खोड निवडतो ते वाटेवरचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आपल्या हॉलमध्ये अशी वाट दारापासून टीव्हीपर्यंत जाते आणि तिच्या नाक्यावर सोफा असतो.

बाळकुम गावठाणात, आगरी-कोळ्यांच्या जुन्या घरांमध्ये, ही तक्रार फारशी कोणी केली नसणार. तिथलं मांजर अर्धं घरचं, अर्धं गावाचं. सुकटीच्या वासाला घरात यायचं, उंदराच्या मागे कौलांवर जायचं. नखं घासायला त्याला लाकडी उंबरा होता, खांब होता, अंगणातला आंबा नाहीतर शेवगा होता. शिवाय घरात ओरबाडण्यासारखं किमती सामान ते काय असणार? मग जुन्या आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंचे कारखाने हळूहळू गेले, कोलशेत-ढोकाळीपर्यंत टॉवर उभे राहिले आणि मांजर विसाव्या मजल्यावर राहायला आलं.

त्या मजल्यावर मांजराच्या उंचीवरून एकदा नजर फिरवावी. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, नख टेकवलं की घसरतं. भिंतींना गुळगुळीत रंग. कपाटं, दारं, टीव्हीचं युनिट, सगळ्यांवर लॅमिनेट. गॅलरीला काच. जेवणाचं टेबल काचेचं नाहीतर कृत्रिम दगडाचं. नख रुतेल असं, पूर्ण ताणून उभं राहता येईल एवढं उंच आणि अंगाचा भार टाकला तरी न हलणारं असं घरात एकच काहीतरी असतं. त्याला घरातल्या सगळ्या माणसांचा वास असतो आणि ते घराच्या मध्यावर असतं. मांजराने सोफा निवडला नाही तरच आश्चर्य.

म्हणून ओरबाडणं बंद करण्याच्या मागे लागू नये. ते बंद होत नाही. ते दुसरीकडे वळवता येतं, आणि ती दुसरी जागा सोफ्याइतकीच चांगली असेल तर मांजर आपणहून वळतं.

इथे बहुतेक घरं फसतात, ती पैशाने नव्हे, जागेने. ऑनलाइन मागवलेला दीड फुटी खांब भिवंडीच्या गोदामातून कशेळीच्या पुलावरून दोन दिवसांत दारात येतो. दिसायला गोंडस, वर एक लोंबता चेंडू. हॉलमध्ये बरा दिसत नाही म्हणून त्याची रवानगी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि केरसुणीच्या मधे. मांजर येतं, हुंगतं, एक पंजा टेकवतं. खांब डगमगतो. मांजर पुन्हा सोफ्याकडे जातं आणि ‘हजार रुपये पाण्यात गेले’ असा निष्कर्ष निघतो. त्या खांबात दोष तीन. मोठं मांजर अंग ताणून उभं राहतं तेव्हा त्याचे पंजे दीड फुटाच्या पुष्कळ वर जातात. बूड हलकं, त्यामुळे ओढलं की कलंडतो, आणि एकदा अंगावर आलेल्या खांबावर मांजर सहसा पुन्हा विश्वास ठेवत नाही. तिसरा दोष सगळ्यात मोठा: जिथे कोणी येत-जात नाही तिथे खूण करून उपयोग काय?

२०१६ मध्ये मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. वेगवेगळ्या देशांतल्या चार हजारांहून जास्त मांजरमालकांनी इंटरनेटवरून उत्तरं दिली होती. तीन फूट किंवा त्याहून उंच उभा खांब आणि त्यावर दोर गुंडाळलेला, अशा घरांत सोफ्याला कमी त्रास होतो असा तिचा सूर होता. खांब वापरल्यावर खाऊ देऊन नाहीतर चुचकारून शाबासकी देणाऱ्यांना गुण जास्त आला होता. म्हातारी मांजरं मात्र गालिच्यासारख्या मऊ पृष्ठाकडे झुकत होती. टेक्सस टेक विद्यापीठात पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, २०१९ मध्ये, बाजी मारली पुठ्ठ्याने. अशा पाहण्यांतून आपल्या घरातल्या मांजराबद्दल भाकीत करता येत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. बाकीचं मांजरच सांगतं. ओरखडे सोफ्याच्या कोपऱ्यावर उभे असतील तर त्याला उभा खांब हवा आहे. पायपुसणं आणि सतरंजी उसवत असेल तर आडवं काहीतरी लागेल, त्यासाठी वीस रुपयांचं गोणपाट किंवा मागवलेल्या सामानाबरोबर आलेला जाड खोका उलगडून फळीवर चिकटवला तरी भागतं.

परदेशी दुकानं ज्याला सिसल म्हणून महाग विकतात तो धागा आपल्याला परका नाही. तो घायपाताचा वाख. बांधावरच्या त्या काटेरी पानांपासून दोर वळणारी माणसं महाराष्ट्रात गावोगाव होती. वाखाचा दोर आता शहरात सहज मिळत नाही, पण काथ्याचा दोर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तो थोडा जास्त खरखरीत असला तरी बहुतेक मांजरांना चालतो. नायलॉनचा दोर घेऊ नये. नख रुततच नाही.

खांब घरी करायचा तर बांधकामावर वापरतात तशी चार इंची बल्ली उत्तम. लाकडाच्या वखारीत तीन-सव्वातीन फुटांचा तुकडा कापून देतात. पावसाळ्याआधी सोसायटीत फांद्या छाटतात, तेव्हाची आंब्याची जाड फांदीही चालते. ती उन्हात खडखडीत वाळवावी, कीड नाही ना ते पाहावं, साल राहू द्यावी. तिला दोराचीही गरज नसते. बुडाला दीड फूट लांबीरुंदीची जाड प्लायवूड खालून दोन-तीन लांब स्क्रूंनी घट्ट बसवायची. मग दोर. इथे हमखास हिशेब चुकतो. चार इंची खांबाला एक वेढा द्यायला जेमतेम फूटभर दोर लागतो, म्हणून लोक दहा मीटर आणतात. आठ मिलिमीटर जाडीच्या दोराने तीन फूट उंची भरायची तर शंभरावर वेढे होतात आणि जवळजवळ चाळीस मीटर दोर लागतो. गुंडाळण्याआधी दोर दोन दिवस उन्हात टाकला तर त्याचा तेलकट वास जातो. तळापासून सुरुवात करून थोडं फेविकॉल लावत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर दाबून बसवत वर यायचं. वेढ्यांमध्ये फट राहिली तर दोन आठवड्यांत सगळा दोर सैल होतो. टोकं खिळ्याने आतल्या बाजूला पक्की करायची, खिळ्याचं डोकं बाहेर राहता कामा नये. मग खांबावर हाताने जोर लावून पाहायचा. आपल्या हाताला हलला तर मांजराला नक्कीच हलेल. अशा वेळी बुडावर एक जड फरशी ठेवायची.

आणि हा खांब ठेवायचा सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लागून. हॉलच्या मधोमध. पाहुण्यांना दिसेल तिथे. ठाण्यात चौरस फुटाचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असल्याने हा सल्ला ऐकून घरातली कर्ती मंडळी नाराज होतात. पण हिशेब मांडला तर जागा जाते दोन-सव्वादोन चौरस फूट, आणि ती कायमची नाही. मांजर खांबाला सरावलं की तो रोज चार बोटं सरकवत भिंतीकडे नेता येतो. घाईने एकदम खोली बदलली तर मात्र सगळं पहिल्यापासून. दुसरा खांब मांजर जिथे झोपतं तिथे ठेवावा, कारण उठल्याउठल्या आळस देताना ओरबाडणं हा त्याचा नित्यक्रम आहे. आपण कामावरून परतलो की मांजर दारातून पळत जाऊन सोफ्याला भिडतं, तोही राग नव्हे, उत्साह असतो.

खांब रुळेपर्यंत सोफ्याचा कोपरा अनाकर्षक करायचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सगळ्यात भरवशाची, पंज्याला चिकटपणा खपत नाही. कापडाला ती झेपत नसेल तर कोपऱ्यावर जाड प्लॅस्टिकचा पत्रा पिनांनी बसवता येतो. नवा सोफा घेणारच असाल तर कापड नखाने ओढून पाहा. उठलेले धागे, टॉवेलसारखी कडी असलेलं किंवा सैल विणीचं कापड म्हणजे मांजराला निमंत्रण. घट्ट विणीच्या, सुएडसारख्या गुळगुळीत कापडात नख अडकत नाही. रेग्झिनवर मांजर कमी जातं, पण गेलं तर एका ओरखड्यात काम तमाम, दुरुस्ती नाही.

आता जे अजिबात करू नये त्याबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. सोफ्याच्या पायाशी फिनाइल शिंपडणं, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवणं, संत्र्याच्या सालीचं किंवा टी-ट्रीचं तेल फवारणं हे उपाय घरोघर सांगितले जातात. फिनॉलसारखे पदार्थ शरीराबाहेर टाकायला यकृतात जे विकर लागतं ते मांजरात फार तोकडं असतं. माणसाला किंवा कुत्र्याला जेवढ्याने काही होत नाही तेवढ्याने मांजर आजारी पडतं. याच कारणामुळे पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. मांजर फिनाइल पीत नाही, पण त्यावरून चालतं आणि नंतर पंजे चाटून स्वच्छ करतं. सोफा वाचवताना मांजराला विष घालण्याचा हा प्रकार आहे.

पाण्याची पिचकारी आणि टाळ्या वाजवून हाकलणं यांनी जीव जात नाही, पण उपयोगही होत नाही. मांजर एवढंच शिकतं की तुम्ही समोर असताना ओरबाडायचं नाही. शिवाय बावरलेलं मांजर जास्त ओरबाडतं. तुर्कस्तानातल्या अंकारा विद्यापीठातल्या पशुवैद्यक संशोधकांच्या पुढाकाराने फ्रान्समधल्या हजारावर मांजरमालकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. घरात लहान मुलं असणं, मांजर रात्री फार सक्रिय असणं, सतत उत्तेजित राहणं यांचा नको तिथे ओरबाडण्याशी संबंध दिसला. बाळकुमच्या फ्लॅटमध्ये याची आवृत्ती रोज दिसते. दिवसभर माणसं बाहेर, मांजर झोपलेलं. रात्री अकराला घर झोपायला जातं तेव्हा ते ताजंतवानं असतं. रात्रीच्या जेवणाआधी दोरीला पीस बांधून दहा मिनिटं त्याला पळवलं, शिकार ‘पकडू’ दिली आणि मग खायला घातलं तर मध्यरात्रीचा धिंगाणा पुष्कळ उतरतो.

खांबाकडे ओढण्यासाठी कॅटनिप नावाची वाळलेली पानं मिळतात. ती दोरावर चोळायची. सगळ्या मांजरांवर त्यांचा असर होत नाही, तो आनुवंशिक असतो, आणि काही महिन्यांच्या पिल्लांवर तर होतच नाही. आपल्याकडे पडीक जागेत उगवणाऱ्या खोकली नावाच्या तणाचं मूळ मांजरांना असंच वेड लावतं. तिच्यात विषारी घटकही आहेत, म्हणून ती घरात आणून चघळायला देणं टाळलेलं बरं.

नखं कापण्याने ओरबाडणं थांबत नाही, नुकसान कमी होतं. दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या पायांची दहा नखं बघावीत. मांजर झोपाळलेलं असताना मांडीवर घ्यायचं, बोट वरून-खालून हलकेच दाबायचं, नख बाहेर येतं. उजेडात आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या बरंच पुढे, फक्त वाकडं पारदर्शक टोक कापायचं, तेही मांजरांसाठी मिळणाऱ्या कटरने. एका बैठकीत सगळी दहा झालीच पाहिजेत असा हट्ट नको. आतल्या बाजूच्या, जमिनीला न टेकणाऱ्या अंगठ्याचं नख विसरलं जातं आणि तेच वळून गादीत घुसतं, विशेषतः म्हाताऱ्या मांजरांत. पूर्वी अशा कामाला ठाण्याची मंडळी मांजर टोपलीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत न्यायची. आता घोडबंदर रोडच्या पट्ट्यात पशुवैद्यांचे पुष्कळ दवाखाने आहेत, एकदा त्यांच्याकडून शिकून घ्यावं.

कधी कधी कोणी विचारतं, नखंच कायमची काढून टाकता येत नाहीत का? अमेरिकेत ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं सर्रास होत आली. नख थेट हाडातून उगवत असल्याने ते काढायचं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड छाटायचं. अशी मांजरं पुढे लंगडतात, मातीच्या डब्यात जायचं टाळतात, चावायला लागतात. इस्रायलने २०११ मध्ये यावर बंदी घातली, न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याचं अंग तोडणं हा गुन्हा मानतो, आणि सोफ्यासाठी कोणी सुजाण पशुवैद्य हे करणारही नाही.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या या हवेत काथ्या ओल धरतो, त्याला बुरशीचा वास येतो आणि मांजर खांबाकडे पाठ फिरवतं. पुठ्ठ्यात कसर होते. खांब गॅलरीच्या दारापासून आत घ्यावा, पंख्याखाली, आणि ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर ठेवावा. ओघळलेले धागे पाहून तो फेकायची घाई मात्र करू नये. मांजराच्या लेखी तो आत्ता कुठे आपला झालेला असतो, वास मुरलेला, नखाला सवयीचा. दोर अगदी तुटायला आला तर खालचा अर्धा भाग नव्याने गुंडाळावा आणि वरचा, जास्त वापरातला अर्धा, आणखी महिनाभर तसाच राहू द्यावा.